एक डोळा झाला, दुसऱ्याचा नंबर कधी?

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणलं की सगळ्या बाया आधी विचारतात दुखलं का. नाही ओ, टेबलावर झोपून पाव-अर्ध्या तासाचं काम आहे ते, टाकासुद्धा नव्हता. जीव मेटाकुटीला येतो तो नंबर लागेपर्यंत, आणि माझं म्हणाल तर पहिल्या डोळ्यापेक्षा दुसऱ्याच्या वेळेस जास्त आला.

मी रेणापूर तालुक्यातली, घरी ब्लाऊज आणि फॉल-पिकोचं काम करते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नावाजलेले डॉ. तात्याराव लहाने याच तालुक्यातले, त्यामुळं आमच्याकडं मोतीबिंदूवर ज्याला त्याला बोलायचंच असतं. सासूबाईंचं एकच, आधी पिकू दे. डॉक्टर म्हणले तसलं काही नाही आता, उलट लई पिकून कडक झाला की काढायला अवघड. मग सरकारी दवाखान्यात नाव लावलं, तिथं ऑपरेशन आणि डोळ्यात बसवायचं भिंग दोन्ही फुकट होतं. तारीख मिळाली तर शुगर वाढलेली निघाली, झाली का पंचाईत, ती आटोक्यात आल्यावर मग पुन्हा नंबर.

पट्टी काढली तेव्हा डोळ्यापुढं एकदम लख्ख झालं. पण एक डोळा झाकला की पांढरा दोरा पांढरा दिसायचा आणि दुसरा झाकला की तोच दोरा जुन्या धोतरासारखा पिवळट, आता क्रीम कलरच्या साडीला कुठल्या डोळ्यानं मॅचिंग करायचं सांगा? जुना चष्मा घातला तर नव्या डोळ्याला चालेना, काढला तर जुन्याला दिसेना, जिना उतरताना पायरीचा अंदाज चुकायचा आणि सुईत दोरा तर पोरगी ओवून द्यायची.

दुसऱ्यासाठी विचारायला गेले तर खिडकीवरचे म्हणले, मावशी तुमचा एक झालाय ना, दिसतंय ना, ज्यांचे दोन्ही गेलेत त्यांना आधी घेऊ द्या. माझ्यामागं एक आजोबा नातवाच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते, त्यांच्यापुढं मी काय भांडणार. त्यांना आधी घ्यायलाच पाहिजे, ते बरोबरच आहे. पण "फोन येईल" एवढ्यावर माणसानं किती दिवस बसायचं? दिवाळीनंतर म्हणा, संक्रांतीनंतर म्हणा, पण काहीतरी सांगा की. लग्नसराईचे ब्लाऊज घ्यायचे का परत पाठवायचे हे मला ठरवता येईना, घेतले आणि मधेच फोन आला तर गिऱ्हाईक तोंडावर बोलणार, नाही घेतले तर ती पेठेतल्या टेलरकडं गेली की परत येत नाही. बरं फोन नवऱ्याचा दिलेला आणि ते शेतात, तिथं रेंज नाही, म्हणून नंतर पोरीचा नंबर लिहून दिला, तुम्हीही जो फोन उचलतो त्याचाच द्या.

शेवटी आला फोन, दुसराही झाला. आता ड्रॉप चालू आहेत, भिंग लांबचं बसवलंय त्यामुळं जवळच्या कामाला चष्मा लागणारच, पण डोळा स्थिर झाल्यावर चष्म्याचा नंबर काढू म्हणलेत. तोपर्यंत फक्त फॉल-पिको घेतेय, ब्लाऊज नाही.