एक ब्लाउज तयार आहे

मावशीने गिऱ्हाइकाला इंग्रजीत पाठवलेला पहिला मेसेज होता, 'ए ब्लाउज इज रेडी.' पाच मिनिटांत उत्तर आलं, 'कोणाचा?'

मावशी भडकली. गिऱ्हाइकावर नव्हे, माझ्यावर. "वस्तू एक असली की ए लावायचा, तूच सांगितलंस ना? ब्लाउज एकच शिवलाय. मग?"

मग काय, कप्पाळ! वाक्यात व्याकरणाची चूक शोधून सापडली नसती. फक्त त्याचा अर्थ 'कुठला तरी एक ब्लाउज झालाय बुवा' असा निघत होता. जिने तीन वेळा फोन करून 'मुंज शनिवारी आहे हं मावशी' असं बजावलं होतं, तिला ते वाचून धडकी भरणारच.

मावशीचं दुकान जिन्याखाली आहे. एक शिलाई मशीन, एक पिकोचं मशीन, खुंटीला अडकवलेल्या मापाच्या ब्लाउजच्या पिशव्या आणि एक लांबुडकी वही. समोर टॉवर झाले आणि गिऱ्हाइकं फोन सोडून इंग्रजीत मेसेज करायला लागली. गळा, बाही, अस्तर या विषयांवरचं इंग्रजी मावशीला केव्हाच कळायला लागलं होतं. तिला उत्तरं द्यायची होती. तिचं शिक्षण सातवीपर्यंतचं. आता राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे, पण ते २००० सालापासून. त्याआधी मराठी शाळेत एबीसीडीची गाठ पडायची ती थेट पाचवीत. म्हणजे मावशीच्या वाट्याला तीनच वर्षं इंग्रजी आलं, आणि त्यातलं शिल्लक उरलं ते पाढ्यासारखं म्हटलेलं 'आय गो, वुई गो, ही गोज, शी गोज'. ते ती अजूनही चालीवर म्हणते.

तर आम्ही उपपदांपासून सुरुवात केली. इथे माझीच फजिती झाली. शाळेत मला ए, ई, आय, ओ, यू हे पाच स्वर पाठ करायला लावले होते. त्यांच्यापुढे ॲन, बाकी सगळीकडे ए. मग 'युनिव्हर्सिटी' हा शब्द यूने सुरू होऊनही त्याला ए का, आणि 'अवर'चं पहिलं अक्षर एच असूनही त्याला ॲन का? याचं उत्तर शाळेत 'अपवाद' असं मिळालं होतं आणि तेच मी इमानेइतबारे मावशीपुढे ठेवलं. मावशी सगळं मापाच्या वहीत देवनागरीत उतरवून घेते. तिने दोन्ही शब्द लिहिले, चष्मा वर केला आणि म्हणाली, "युनिव्हर्सिटीत पहिला य आहे. य व्यंजनच ना? आणि अवरमध्ये अ. यात अपवाद कुठे आला?"

कुठेच नाही. तो नियम कानाचा आहे, स्पेलिंगचा नाहीच. शब्द आपल्या अक्षरांत लिहिला की डोळ्यांनाही दिसतो. 'वन-वे'ला ए, कारण तिथे व आहे. 'एमएलए'ला ॲन, कारण तिथे ए आहे, मग इंग्रजीत तो एम असला तरी असो. पाचवीतल्या वर्षभरात हे एकदाही लक्षात येऊ नये याचं मला अजून वाईट वाटतं.

आणखी एक गंमत मी तिला सांगितली. ॲन म्हणजे मुळात 'एक'च. इंग्रजीतला 'वन' आणि हा 'ॲन' एकाच जुन्या शब्दातून निघाले. आधी सगळीकडे ॲनच होता, व्यंजनापुढे त्याचा न झिजत गेला आणि ए उरला. या न-च्या येण्याजाण्यात काही शब्दांचे लचके तुटले. क्रिकेटचा अंपायर हा मूळचा 'न'ने सुरू होणारा फ्रेंच शब्द. दोघांच्या भांडणात जो कोणाच्याच जोडीचा नाही असा तिसरा माणूस, असा त्याचा अर्थ. बोलताना त्याचा न मागच्या ए-ला चिकटला आणि तो अंपायर झाला. ॲप्रनचंही तेच. तो आणि नॅपकिन एकाच घरातले, नॅपकिनने आपला न राखला आणि ॲप्रनने गमावला.

"म्हणजे कापताना कात्री सरकली," मावशी म्हणाली, "आणि न पलीकडच्या तुकड्यात गेला." याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

खरी रड 'द'ची होती. मराठीत उपपद नसतं, असं सांगून मी सुटू बघत होतो. पण त्याच दुपारी दोन बायका दुकानात आल्या. एक म्हणाली, "लवकर द्या हो, रविवारी मुलगी बघायला जायचंय." दुसरी म्हणाली, "मी नसेन रविवारी, मुलीला बघायला जायचंय." पहिलीच्या घरी लग्नाचा मुलगा आहे, ती कांदेपोहे खाऊन येणार. दुसरीची मुलगी बाळंत झाली आहे, ही डिंकाचे लाडू घेऊन जाणार. पहिलीची 'मुलगी' अजून कोणीही असू शकते. दुसरीची ठरलेली, एकुलती एक. इंग्रज ज्यासाठी ए आणि द वापरतो, ते काम इथे एका 'ला'ने बिनबोभाट केलं आणि ऐकणाऱ्या कोणाचाही गोंधळ झाला नाही.

मला हर्षवायू व्हायचा बाकी होता. मावशीला त्यात विशेष काही वाटलं नाही. "पण ब्लाउजला ला कुठे लावतो आपण? 'ब्लाउजला शिव' असं कोण म्हणेल?" हेही खरं. निर्जीव वस्तूंच्या बाबतीत हा 'ला' बहुधा गप्प बसतो. तिथे आपण 'तो' म्हणतो, किंवा काहीच म्हणत नाही. 'ब्लाउज झाला' एवढं पुरतं. कोणाचा ते दोघांनाही ठाऊक असतं.

यावर मावशीने स्वतःपुरता नियम बसवला. ज्याचं माप वहीत आहे तो 'द', ज्याचं अजून घ्यायचंय तो 'ए'. दुसऱ्या दिवशी नव्या गिऱ्हाइकाला तिने लिहिलं, 'ब्रिंग ए ब्लाउज फॉर माप.' माप तसंच ठेवलं होतं, पण ए अगदी जागेवर बसला होता. गंगेला द आणि एव्हरेस्टला का नाही, या वाटेला आम्ही गेलोच नाही. तिच्या वहीत दोघांचंही माप नाही.

शुक्रवारी मुंजीचा तो ब्लाउज हूक-काज होऊन खरोखरच तयार झाला. मावशीने 'द ब्लाउज' इतकं लिहून फोन माझ्यापुढे धरला. म्हटलं, बरोबर आहे, पण 'युअर ब्लाउज' लिही ना. युअर आला की ए पण नको, ॲन पण नको, द पण नको.

मावशीने मशीनचं चाक हाताने थांबवलं. "मग तीन आठवडे हे सगळं कशाला शिकवलंस?"

मी काही बोललो नाही. तिने 'द' खोडला, 'युअर' लिहिलं आणि मेसेज पाठवला. लगेच उत्तर आलं, 'आले मावशी, दहा मिनिटांत.'