सकाळी दगड, संध्याकाळी स्पंज

गाडी आली तेव्हा तक्रार एवढीच होती की सकाळी ब्रेक दगडासारखा लागतो आणि तासभर चालवली की पेडल मऊ पडून खाली जातं. मॉडिफाय केलेली गाडी, मूळ इंजिन काढून टर्बोवालं बसवलेलं, कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक एकत्र) लावून खाली केलेली, रुंद रिम, पुढे चार पिस्टनचे मोठे कॅलिपर, म्हणजे ब्रेक डिस्क आवळणारे चिमटे. आधीच्या गॅरेजने मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की ऑइल ढकलणारा पंप, दोनदा बदलला होता आणि गाडीवाला मला विचारायला आला होता की तिसऱ्यांदा बदलायचा का.

म्हणलं थांब जरा. मास्टर सिलिंडरचं सील गेलं असतं तर सकाळी थंड गाडीतही पेडल हळूहळू बसलं असतं. गरम झाली की मऊ आणि रात्रभर उभी राहिली की परत कडक, म्हणजे कुठेतरी ब्रेक ऑइल उकळतंय, त्याची वाफ होतेय आणि थंड झालं की वाफेचं परत ऑइल होतंय. ऑइल दाबलं जात नाही पण वाफ दाबली जाते, म्हणून पाय नुसता आत जातो. अशा वेळी पहिला संशय कॅलिपरवर जातो, पण हा म्हणत होता की उतार नाही काही नाही, सरळ मोकळ्या रस्त्यावर, ब्रेक फारसा वापरलेलाच नसताना पेडल जातं. मग ऑइल तापवतंय कोण?

बॉनेट उघडून टॉर्च मारला तर उत्तर समोरच. इंजिनच्या मागच्या पत्र्याच्या भिंतीवरून पलीकडच्या चाकाला जाणारी लोखंडी ब्रेक लाईन जुन्याच जागी होती, इंजिन मात्र नवीन. टर्बोमधून निघणारा सायलेन्सरचा पाईप तिच्यापासून जेमतेम दोन बोटांवर, मधे पत्रा नाही, कापड नाही. तिथला पाईप शेकडो डिग्री तापतो आणि डॉट ४ ग्रेडचं ब्रेक ऑइल नवं कोरं असताना साधारण २३० डिग्रीला उकळतं, पाणी ओढलेलं असेल तर १५५ च्या आसपासच. याच्या बाटलीतलं ऑइल चहासारखं काळं झालं होतं, त्यामुळे बाकी काही शोधायची गरज नव्हती.

लाईन काढायला घेतली आणि दुसरी गंमत. मधे कोणीतरी एक पितळी टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, टाकली होती, तिच्यातला एक नट पाना लावला आणि अर्ध्या आट्यात नुसता गोल फिरला. व्हर्नियर लावला तर ९.५ मिमी. टी होती एम १० ची, म्हणजे १० मिमीची, आटा १ मिमीचा, आणि नट होता ३/८ इंची, इंचाला २४ आट्यांचा. दोन्ही दिसायला सारखे, आटे पण जवळजवळ सारखेच, त्यामुळे तो हाताने छान आत जातो आणि बसवणाऱ्याला वाटतं वा, काय सुरेख बसला. धरून ठेवतात फक्त आट्यांची टोकं. जोरात ब्रेक मारला की लाईनमधे १०० बारच्या आसपास प्रेशर येतं, त्यात हा किती दिवस टिकला असता देव जाणे. टी आणि ती लाईन दोन्ही भंगारात.

गिऱ्हाईकाला सगळी स्टेनलेस लाईन हवी होती, चकचकीत दिसते म्हणून. मी साफ नाही म्हणलं, स्टेनलेस कडक असतं, फ्लेअर मारताना, म्हणजे टोक फुलवताना, कड तडकते आणि वळवायला पण ताप. साधं तांबं तर नकोच, ते थरथरीने कडक होऊन चिरतं. मी घेतली ४.७५ मिमीची क्युप्रोनिकल, म्हणजे तांबं-निकेलच्या मिश्रधातूची, हाताने वळते आणि गंजत नाही.

आधी मऊ तारेने रस्ता आखला. मागच्या भिंतीवरून न्यायचीच नाही असं ठरवून पुढून, इंजिनच्या खालच्या आडव्या बीमच्या खाचेतून नेली, म्हणजे खालून दगड लागला तर आधी बीमला लागेल आणि जॅक लावणाऱ्याच्या पण मधे येणार नाही. वरून मोठी कमान घेऊन नेणं सोपं होतं, पण कमानीत हवा अडकते आणि मग एअर काढून काढून जीव जातो. साधारण वीतभर अंतरावर रबरवाल्या क्लिपा मारल्या. आणि हो, एक फ्लेअर सुंदर मारून झाल्यावर लक्षात आलं की नट घालायचाच राहिला. वीस वर्षं झाली तरी होतं.

मग कॅलिपरला जाळीवाले नवे होज, म्हणजे लवचिक नळ्या, लावले, लिफ्टवर बघितलं, छान सैल, कुठे ताण नाही. मी हात पुसायला घेतले तर आमचे काका, ज्यांच्याकडे मी काम शिकलो, म्हणाले, "झालं? चाक लाव, स्प्रिंग काढ आणि होजला खडू फास."

मला कंटाळा आला होता पण काकांना नाही कोण म्हणणार. स्प्रिंग काढल्याशिवाय सस्पेन्शन हाताने पूर्ण वरखाली होत नाही, म्हणून ती काढून खाली जॅक लावला, चाक पूर्ण वर उचललं आणि स्टेअरिंग एका बाजूला शेवटपर्यंत वळवलं. चाक उतरवून बघतो तर रिमच्या आतल्या कडेला पांढरा पट्टा.

घसा कोरडा पडला. लिफ्टवर चाक लोंबकळतं आणि सरळ असतं, तेव्हा होज कुठेच लागत नव्हता. मी म्हणलं आखूड होज मागवू, तर काका म्हणाले, "आणि चाक खड्ड्यात लोंबेल तेव्हा तो ताणून तुटेल, ते कोण बघणार रे?" बरोबर होतं. शेवटी होज तोच ठेवला आणि त्याचा ब्रॅकेट चारेक सेंटीमीटर आत सरकवला, दोन्ही बाजूंना. परत खडू, परत वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. रिम स्वच्छ.

पूर्ण ऑइल नवं भरून एअर काढली, इंजिन चालू ठेवून पेडल जोरात दाबून धरलं आणि पोराला प्रत्येक जॉईंटला टिश्यू लावायला सांगितला, सगळे कोरडे. मग होजच्या पोटाला पेंट मार्करने पांढरे ठिपके दिले आणि दोन आठवड्यांनी परत ये म्हणून सांगितलं.

तो आला. पेडलबद्दल एक शब्द नाही, पहिलं वाक्य, "इतके महागाचे होज आणि त्यावर चुना कोणी लावला?" मी वाकून टॉर्च मारला. ठिपके सगळे जागेवर होते.