गाडगी विकणारीचं गाणं

झांझिबार. रात्रीचा एक वाजून गेलाय.

झोप येणार नाही, म्हणून लिहायला बसले. ओढणीला अजून उदाचा वास आहे. मालकीणबाईंनी टाचून दिलेला किकुबा उशीशी ठेवलाय. किकुबा म्हणजे मोगरा, गुलाब आणि वासाचा पाला एकत्र बांधलेला छोटासा झुबका. इथल्या बायका तो छातीशी टाचतात. आपल्या गजऱ्याची मावसबहीणच.

मालकीणबाईंच्या भाचीच्या लग्नातलं बायकांचं ताराब होतं, न्गाम्बोत. ताराब म्हणजे इथली स्वाहिली भाषेतल्या गाण्यांची मैफल. न्गाम्बो म्हणजे 'पलीकडे'. जुनं दगडी शहर आणि ही वस्ती यांच्या मध्ये पूर्वी खाडी होती. अलीकडे अरबांचे आणि आपल्याकडून आलेल्या व्यापाऱ्यांचे वाडे, पलीकडे गुलामीतून सुटलेल्यांची, मोलमजुरी करणाऱ्यांची घरं. खाडी बुजून जमाना झाला, नाव तेवढं राहिलं.

अंगणात चटया अंथरलेल्या. गाणारी बाई पन्नाशीची, आवाज जरा बसलेला, पण शब्द असा टाकायची की मागच्या रांगेतल्या म्हातारीनेही मान वर करावी. साथीला की-बोर्ड, दुंबाक नावाचा ढोल आणि एक व्हायोलिन. गाणं सुरू होऊन दोन कडवी झाली आणि हिरव्या पोशाखातली एक बाई उठली. डोक्यावर नोट धरून, कंबर अगदी मंद हलवत, घाई न करता गाणारीकडे निघाली. नोट दिली, वळली, आणि परत येताना डाव्या हाताच्या कोपऱ्यात बसलेल्या एकीकडे सरळ बघत आली. ती कोपऱ्यातली खाली चटईकडे बघत राहिली.

मी मालकीणबाईंना विचारलं, काय झालं? त्या म्हणाल्या, "म्पाशो." टोमणा. गाण्यातली ओळ होती, दुसऱ्याच्या चुलीवर काय शिजतंय ते हुंगत फिरणाऱ्या शेजारणीवर. हिरवीने ती ओळ पैसे मोजून आपली केली आणि जिला पोचवायची तिला पोचवली. तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

मला पहिल्यांदा आपली दौलतजादा आठवली. पण तिथे पैसे पुरुषाचे आणि नजरही पुरुषाची. इथे देणारी बाई, घेणारी बाई, आणि जिला लागायचं तीही बाईच. चार वर्षं दार-ए-सलामला राहून ताराब रेडिओवर ऐकत होते, पण कॅसेटमधल्या ताराबमध्ये हे उठणं नसतं, आणि अर्धं ताराब त्या उठण्यात आहे.

हे गाणं मुळात राजवाड्यातलं. १८७० च्या दशकात सुलतान बर्गशने इजिप्तहून वादक आणवले, गाणं अरबीत, ऐकणारे दरबारी. १९०५ साली निघालेला इख्वानी सफा हा ताराबचा क्लब आजही चालू आहे. हे गाणं न्गाम्बोच्या अंगणात आलं ते सिती बिंती साद या गायिकेमुळे. तिच्याबद्दल मिळेल ते वाचतेय गेले काही महिने, आणि जितकं वाचते तितकी ती मला घरातली वाटायला लागलीय.

जन्म १८८० च्या सुमाराचा, फुंबा गावातला. आईवडील गुलामीतले. तिचं पहिलं नाव म्तुम्वा, म्हणजेच गुलाम. पोरीला हाक मारायची तरी त्याच शब्दाने! मडकी घडवायची, डोक्यावर घेऊन विकायची, आरोळी द्यायची, आणि आवाज दूरवर ओळखू यायचा. १९११ मध्ये शहरात आली, गाणं शिकली, आणि ताराब स्वाहिलीत गायला लागली. तिच्या घरी संध्याकाळी माणसं जमायची आणि बाजारातल्या, कोर्टातल्या गोष्टींची गाणी व्हायची. एक गाणं किजिती नावाच्या माणसावर आहे. बाहेरगावाहून आलेल्या एका बाईचा त्याने खून केला आणि तो मुख्य भूमीवर पळून गेला. कोर्टाने शिक्षा केली ती साक्षीला उभ्या राहिलेल्या बायकांना. निकालाचा हा अन्याय तिने गाण्यात बांधून ठेवला. इथली नावाजलेली गायिका बी किदुदे हे गाणं थेट म्हातारपणापर्यंत गात होती. ती २०१३ च्या एप्रिलमध्ये गेली, शंभरीच्या आसपास. ज्या खटल्याची कागदं कोण बघणार, तो इथल्या बायकांना आजही माहीत आहे.

आणि १९२८ मध्ये सिती मुंबईला आली! बोटीने, साथीदारांसकट, ग्रामोफोनच्या तबकड्या भरायला. स्वाहिलीतल्या अगदी पहिल्या तबकड्यांपैकी त्या. १९३१ पर्यंत ७२ हजारांच्या घरात विकल्या गेल्या म्हणतात. हे वाचलं त्या दिवशी मी बराच वेळ नुसती बसून होते. १९२८ म्हणजे गिरणी कामगारांच्या मोठ्या संपाचं वर्ष. आमचे पणजोबा लालबागहून संपात गावी परतले होते, ती गोष्ट घरात अजून सांगतात. त्याच वर्षी, त्याच शहरात, गाडगी विकणारी एक बाई तबकडीवर स्वाहिली कोरून गेली, आणि मुंबईत वाढलेल्या मला हे कळायला समुद्र ओलांडून यावं लागलं.

माझ्या लेकीला यातलं काही सांगितलं की ती झुचूची गाणी लावते. झुचू आजची बोंगो फ्लेवाची, म्हणजे टांझानियातल्या पॉप संगीताची, मोठी गायिका, पण तिची आई खदिजा कोपा, ताराबची राणी. मी लेकीला म्हटलं, झुचूच्या गाण्यात शब्द कुठे तिरका जातो बघ, ती आईकडून आलेली चीज आहे. ऐकतेय आता जरा लक्ष देऊन.

आज शेवटाकडे गाणारीने सितीचं जुनं गाणं घेतलं. सिती नावारूपाला आली तेव्हा तिच्यावर कुणी कवन केलं होतं, की ही माणसांत कधीपासून बसायला लागली, कनिकी नेसून तर शहरात आली, आवाज नसता तर काय खाल्लं असतं? कनिकी म्हणजे गुलामांचं काळं, स्वस्तातलं कापड. त्यावर सितीने गाऊनच उत्तर दिलं, की रूप काय नि मोठं कूळ काय, माणसाला खरी खोट येते ती अक्कल नसेल तर.

ही ओळ आली आणि माझ्या डोळ्यांपुढे रत्नागिरीचं आमचं पडवीचं घर आलं. बावीस वर्षांपूर्वी मला बघायला आलेल्यांतल्या एक बाई. चहाचा कप खाली ठेवत माझ्या आईला म्हणाल्या होत्या, "मुलगी काळी आहे हो, आणि घराणंही काही नावाजलेलं नाही. शिकलीय म्हणता, पण शिकून काय दिवे लावणार?" आई काही बोलली नाही. कप उचलून आत गेली आणि कितीतरी वेळ विसळत राहिली.

पर्समध्ये दोन हजार शिलिंगची नोट होती. मी उठले. नाचता मला येत नाही, नुसती चालत गेले, पण नोट डोक्यावर धरली होती. गाणारीने ती घेतली आणि माझ्याकडे बघून तीच ओळ पुन्हा म्हटली. सगळ्या बायका बघत होत्या, ही परकी कुणाला मारतेय म्हणून.

परत येऊन बसले तर मालकीणबाईंनी माझा हात हातात घेतला. "नानी?" एवढंच विचारलं. म्हणजे, कोण?

मी त्या बाईंचं नाव सांगितलं. मालकीणबाईंनी ते दोनदा तोंडात घोळवून पाहिलं, नीट जमेना. मग तिसऱ्यांदा म्हणून पाहिलं.