रंग कुठे थांबवायचा?

दुपारी भाचीला झोपवायचं काम माझ्याकडे होतं. ते फसलं, आणि आम्ही दोघी फरशीवर जगाचं पझल मांडून बसलो. लाकडी तुकडे, दर खंडाला वेगळा रंग. आफ्रिका चटकन बसला, ऑस्ट्रेलियाला तर चुकायला वावच नव्हता. मग तिने युरोप आणि आशिया दोन हातांत धरले, कडा एकमेकींना लावून पाहिल्या आणि तक्रारीच्या सुरात म्हणाली, "मावशी, हे तुटलंय. चिकटव ना."

"तुटलेलं नाही गं, ते दोन वेगळे खंड आहेत," एवढं मी म्हणाले. पुढचं वाक्य काही येईना. कारण पोरीचं निरीक्षण चोख होतं. बाकीच्या तुकड्यांच्या कडा समुद्राने कोरलेल्या होत्या. जिथे दोन तुकडे जोडलेले, तिथे जोड अगदी चिंचोळा: आफ्रिकेचा सुएझपाशी, दोन्ही अमेरिकांचा पनामापाशी. तिथे माणसांनी पुढे खरंच कालवे खणले, सुएझचा १८६९ साली खुला झाला, पनामाचा १९१४ साली, आणि भूगोलाच्या पुस्तकाचा शब्द राखला. युरोप आणि आशियाच्या मधली कड मात्र कारखान्यातल्या करवतीची होती. सरळसरळ लाकूड कापलेलं दिसत होतं.

माझं आणि या रेषेचं जुनं वाकडं आहे.

शाळेत जगाचा कोरा नकाशा वहीत चिकटवून सात खंड सात रंगांत रंगवायचे असत. आधी निळ्या पेन्सिलीचा भुगा करून कापसाने समुद्र घोटायचा, मग जमिनीला हात घालायचा. रंगकामातला माझा नियम एकच. किनाऱ्यापर्यंत जायचं आणि थांबायचं. आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, सगळे या नियमात गुण्यागोविंदाने बसले. आशियाला पिवळा रंग घेतला आणि अगदी उजव्या टोकाकडून, बेरिंगच्या सामुद्रधुनीपासून सुरुवात केली. पिवळा डावीकडे सरकत राहिला. सैबेरिया संपता संपेना. पेन्सिलीला दोनदा टोक काढून झालं तरी किनारा आला नाही. बाई बाकांमधून फिरत होत्या. मी विचारलं, "बाई, आशिया कुठे थांबवायचा?"

बाई वाकल्या, नकाशाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पुस्तकात थांबलाय तिथे."

पुस्तकात तो डोंगरांच्या बारीक तपकिरी खुणांपाशी थांबला होता. पण डोंगर तर इतरही होते, हिमालय होता, अँडीज होते. तिथे कुठे रंग बदलत नव्हता. शेवटी मी पिवळा थोडा अलीकडे थांबवला, युरोपचा गुलाबी थोडा पलीकडे थांबवला आणि मधे एक पांढरा पट्टा सोडून दिला. बाईंनी त्यावर लाल पेनने प्रश्नचिन्ह काढलं आणि एक मार्क कापला. तो पट्टा मला आजही पटतो.

बरं, हे दुखणं जुनं निघालं. ग्रीकांनी जगाचे तीन भाग केले होते: युरोप, आशिया आणि लिबिया, म्हणजे आजचा आफ्रिका. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने त्यावर चक्क त्रागा केलेला आहे. जमीन एकच असताना तिला तीन नावं कशाला, तीही बायकांची, आणि या हद्दी कुणी ठरवल्या, हे मला काही समजत नाही, असं तो म्हणतो. तेव्हा आशिया आणि लिबियाची हद्द नाईल नदी धरत. त्यावरचा त्याचा टोला वाचून मी एकटीच हसले होते. नाईल समुद्राला मिळण्याआधी फुटते. मग तिच्या फाट्यांमधला त्रिभुज प्रदेश कुणाचा? ना आशियाचा, ना लिबियाचा. तर मग त्याला चौथा खंडच म्हणा! आणि पुढे, एवढं सगळं सुनावून झाल्यावर, हा गृहस्थ थंडपणे म्हणतो की असो, रूढ नावंच आपण वापरू. बाईंचं उत्तर आणि हेरोडोटसचं उत्तर तसं एकच. फक्त त्याने आधी भांडून घेतलं.

युरोप-आशियाची हद्द त्या काळी कुणी फासिस नदीवर (आजच्या जॉर्जियातली रिओनी) धरी, कुणी रशियातल्या डॉन नदीवर. डॉनची हद्द बरीच शतकं चालली. पण नदी उगमापाशी संपते, आणि तिच्या उत्तरेला अफाट जमीन उरते. तिथून रेषा कुठे न्यायची यावर ज्याचं त्याचं मत. मग आला एक युद्धकैदी. फिलिप योहान फॉन श्ट्रालेनबर्ग हा स्वीडनच्या सैन्यातला अधिकारी. १७०९ साली पोल्टावाच्या लढाईत तो रशियाच्या हाती सापडला आणि ऐन उमेदीची वर्षं सैबेरियात काढली. तिथे तो नकाशे काढत बसला. सुटून मायदेशी परतल्यावर १७३० साली त्याने पुस्तक प्रसिद्ध केलं आणि युरोपची हद्द उचलून उरल पर्वतावर नेऊन ठेवली. त्यावर रशियाचा वासिली तातिश्चेव म्हणाला, ही कल्पना मुळात माझी, मीच त्याला सुचवली होती. झार पीटरने युरोपकडे तोंड करून बसवलेल्या रशियाला ही रेषा सोयीचीच होती: मॉस्को, पीटर्सबर्ग निःसंशय युरोपात, आणि पलीकडे हवी तशी वापरायला आशियातली सैबेरिया.

म्हणजे माझा कापलेला मार्क एका कैद्याच्या पुस्तकापायी गेला.

आणि हा उरल तरी केवढा? सगळ्यात उंच शिखर नारोदनाया, १८९५ मीटर. मधल्या भागात तर डोंगर इतके ठेंगणे की रेल्वेतून जाताना कधी ओलांडला कळूही नये. म्हणून तिथे रस्त्याकडेला खांब उभारलेत, एका अंगाला युरोप, दुसऱ्या अंगाला आशिया असं लिहून. लोक एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवून फोटो काढतात. दोन भावांनी वाडा वाटून घ्यावा, पण भिंत घालायला कुणी खर्च करू नये, नुसती ओसरीवर खडूची रेघ ओढून ठेवावी, तसं हे प्रकरण आहे. पाहुण्यांना मुद्दाम रेघ दाखवावी लागते.

उरलची बाजूही घ्यायला हवी. साधारण ३० ते २५ कोटी वर्षांपूर्वी दोन भूभाग तिथे एकमेकांवर आदळले, मधला समुद्र मिटला आणि हे डोंगर वर आले. तेव्हा तिथे एके काळी खरोखर किनारे होते; श्ट्रालेनबर्गला हे माहीत असायचं कारण नव्हतं, पण त्याची रेघ जुन्या सांध्यावर पडली. कबूल. पण असल्या टकरींवर खंड ठरवायचे असतील, तर भारताचा दावा कितीतरी भारी आहे. स्वतःची वेगळी प्लेट (म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा सरकता तुकडा), सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीची टक्कर, त्यातून उठलेला आणि अजून वाढत असलेला हिमालय. आणि पदरात काय पडलं? उपखंड! अरबस्तानचीही स्वतंत्र प्लेट आहे, त्याला तर 'उप'सुद्धा नाही. उलट सैबेरियाचा अगदी पूर्वेकडचा भाग उत्तर अमेरिकेच्या प्लेटवर बसलेला आहे. प्लेटांवरून नकाशा रंगवायला सांगितला असता, तर माझ्या पिवळ्या पेन्सिलीचे पहिलेच फटकारे परक्या खंडात गेले असते.

आपण 'सात' असं घोकलं. लॅटिन अमेरिकेतल्या मुलांना दोन्ही अमेरिका मिळून एकच खंड शिकवतात, त्यांचे भरतात सहा. रशियातल्या मुलांना युरेशिया एकच शिकवतात, त्यांचेही सहा. या दोघांना शेजारी बसवून पेपर लिहायला दिला तर एकाचं बघून दुसरा आनंदाने उत्तर उतरवील आणि दोघांची यादी निराळी निघेल. ऑलिंपिकच्या झेंड्यावर १९१३ साली काढलेली वर्तुळं पाच आहेत. त्यात अमेरिका एक, आणि अंटार्क्टिकाला खेळाडू नसल्यामुळे वर्तुळ नाही. पुराणांत मात्र सातच द्वीपं: जंबू, प्लक्ष, शाल्मली, कुश, क्रौंच, शाक, पुष्कर. दर द्वीपाभोवती गोल समुद्र. खाऱ्या पाण्याचा, उसाच्या रसाचा, मद्याचा, तुपाचा, दह्याचा, दुधाचा, गोड्या पाण्याचा. रंगवायला किती सुटसुटीत! कुठे थांबायचं हे कुणाला विचारायलाच नको.

ग्रीनलंड बेट आणि ऑस्ट्रेलिया खंड का, याला 'एक २१ लाख चौरस किलोमीटर, दुसरा ७६ लाख' यापलीकडे पटण्यासारखं उत्तर मला मिळालेलं नाही. मधे कुठेतरी कुणीतरी रेघ मारली, एवढंच. त्यातून मर्केटरच्या १५६९ सालच्या नकाशापद्धतीत ग्रीनलंड फुगून आफ्रिकेला भिडतो. खरा आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. मर्केटरला दोष नाही, त्याने तो नकाशा खलाशांना दिशा धरून जाता यावं म्हणून केला होता. वर्गाच्या भिंतीवर तो कुणी लावला कोण जाणे. शिवाय २०१७ साली भूवैज्ञानिकांच्या एका गटाने झीलँडिया नावाचा आठवा खंड पुढे केला. ४९ लाख चौरस किलोमीटर, त्यातला ९४ टक्के पाण्याखाली. न्यूझीलंड हा त्याचा वर राहिलेला माथा. पझलवाल्यांनी न्यूझीलंडला तुकडाच दिलेला नव्हता, खालच्या निळ्या फळीवर नुसतं छापून टाकलं होतं. हिशेबाने ते बरोबरच म्हणायचं.

या घोळाची खरी मजा गिर्यारोहकांनी केली आहे. दर खंडातलं सर्वोच्च शिखर चढायचं, अशी एक जिद्द असते. पण युरोपातलं सर्वोच्च कोणतं? हद्द कॉकेशसच्या कण्यावरून नेली तर ५६४२ मीटरचा एल्ब्रुस युरोपात पडतो. ती उत्तरेकडच्या कुमा-मानिचच्या सखल पट्ट्यातून नेली तर एल्ब्रुस आशियात जातो आणि मान आल्प्समधल्या माँ ब्लांला. ऑस्ट्रेलियाची तर कमाल. डिक बास या अमेरिकन उद्योजकाने १९८५ साली सात शिखरं पुरी केली, त्यात ऑस्ट्रेलियाचं म्हणून कोशियुस्को होतं, २२२८ मीटर, फिरायला गेल्यासारखं चढून येण्याजोगं. कॅनडाच्या पॅट मॉरोला हे काही रुचलं नाही. खंडाबरोबर शेजारचं न्यू गिनी बेटही मोजायला हवं, असं धरून १९८६ साली त्याने ४८८४ मीटरचा कार्स्टेन्झ पिरॅमिड गाठला. पाऊल ठेवलं इंडोनेशियात, म्हणजे राजकीय नकाशावर आशियात, आणि पुरा झाला ऑस्ट्रेलिया.

फुटबॉलवाल्यांनी भूगोलाकडे बघणंच सोडून दिलं. २००६ साली ऑस्ट्रेलिया आशियाच्या संघटनेत आला, आणि २०१५ साली आशियाई चषक ऑस्ट्रेलियाने ऑस्ट्रेलियातच जिंकला. कझाकस्तान २००२ साली आशिया सोडून युरोपात खेळायला गेला. गयाना आणि सुरिनाम दक्षिण अमेरिकेच्या नकाशावर आणि उत्तर-मध्य अमेरिकेच्या संघटनेत. ज्याला जिथे खेळावंसं वाटतं तिथे तो खेळतो, आणि ही व्याख्या मला भूगोलाच्या सगळ्या व्याख्यांहून सरळ वाटते.

सगळ्यांना मात्र असं घर बदलता येत नाही. १९८७ साली मोरोक्कोने युरोपीय समुदायात, म्हणजे आजच्या युरोपीय संघाच्या आधीच्या रूपात, प्रवेशासाठी अर्ज केला. उत्तर आलं की तुम्ही युरोपात नाही. जिब्राल्टरची सामुद्रधुनी सगळ्यात अरुंद जागी जेमतेम १४ किलोमीटर आहे. बऱ्याच नकाशांत आशियात रंगवलेल्या सायप्रसला २००४ साली युरोपीय संघात जागा मिळाली. ब्राझीलला खेटून असलेला फ्रेंच गयाना फ्रान्सचा म्हणून संघात आहे, तिथे युरो चालतो. आणि खुद्द मोरोक्कोच्या किनाऱ्याला लागून सेउता आणि मेलिया ही स्पेनची दोन शहरं आहेत. त्यांच्याभोवती उंच कुंपण आहे.

२४ जून २०२२ रोजी शेकडो माणसं मेलियाच्या कुंपणावर धडकली. बरीचशी सुदानमधून आलेली. त्यातली किमान २३ तिथे मेली. सरकारी आकडा तेवढा आहे, मानवी हक्क संघटना जास्त सांगतात. युरोपात शिरण्याचा प्रयत्न करताना मेली, अशी त्यांची नोंद झाली. कुंपणाच्या दोन्ही बाजूंची जमीन आफ्रिकेची आहे.