साडेतीन इंची पडद्यावर कोणता शूटर?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. "भाऊ, आर ३६ एस मागवलाय, त्यात होमब्र्यू शूटर कोणता टाकू? एकच सांगा, सगळ्यात भारी असेल तो." चोपड्यापासून नंदुरबारपर्यंत प्रश्नाचे शब्दही फारसे बदलत नाहीत. आर ३६ एस म्हणजे जुन्या यंत्रांचे गेम चालवणारं हातातलं छोटं यंत्र, होमब्र्यू म्हणजे हौशी मंडळींनी केलेले गेम, आणि शूटर म्हणजे गोळ्या झाडत, चुकवत विमान न्यायचा गेम. एकच हवा असेल तर ओपनटायरियन टाका आणि इथेच वाचन थांबवा. पण ज्याला गोळ्यांच्या पावसातून विमान काढायचंय त्याला तो मिळमिळीत वाटेल, आणि ज्याच्या हातात पाचच मिनिटं आहेत त्याला लांबलचक. शिवाय कागदावर सरस असलेला गेम या यंत्रावर फिका पडतो. त्याला कारणं तीन: पडदा, दिशांचं बटण आणि बटण दाबल्यापासून विमान हलेपर्यंतचा विलंब.

आधी पडद्याचं गणित. आर ३६ एसचा पडदा ६४० × ४८० ठिपक्यांचा. जुन्या यंत्रांचा एक ठिपका इथे नेमके दोन किंवा तीन ठिपके व्यापत असेल तर चित्र कोरीव दिसतं. दीड किंवा पावणेदोन पट करावं लागलं की काही ओळी जाड, काही बारीक होतात. प्लॅटफॉर्म गेममध्ये हे खपून जातं. शूटरमध्ये मात्र चार-पाच ठिपक्यांची गोळी सरकता सरकता आकार बदलते, आणि ती आपल्याला लागणार की चाटून जाणार हा अंदाज चुकतो. निन्टेन्डोच्या ८ बिट यंत्राचं चित्र २५६ × २४०, दुप्पट केलं की ५१२ × ४८०, उंचीला अगदी चपखल. मेगा ड्राइव्हचं ३२० × २२४, दुप्पट ६४० × ४४८. गेमबॉय १६० × १४४, तिप्पट ४८० × ४३२. गेमबॉय अ‍ॅडव्हान्स २४० × १६०, तो दुपटीला ४८० × ३२० एवढाच राहतो आणि चहूबाजूंनी काळी चौकट दिसते. म्हणून रेट्रोआर्चमध्ये (जुन्या यंत्रांची नक्कल करणारा प्रोग्राम, म्हणजे एम्युलेटर) व्हिडिओ, स्केलिंग इथे जाऊन इंटीजर स्केल चालू करा आणि गुणोत्तर '१:१ पीएआर' (1:1 PAR) ठेवा. चित्र थोडं लहान झालं तरी चालेल.

गेमबॉय अ‍ॅडव्हान्ससाठी ब्युटानो नावाचं मोफत इंजिन आहे, त्यासोबत ब्युटानो फायटर हा छोटा शूटर सोर्ससकट मिळतो. सी प्लस प्लस शिकणाऱ्याने तो जरूर उघडून बघावा. खेळायला म्हणून मी तो पहिल्या तिघांत धरणार नाही, कारण १६० ठिपक्यांच्या उंचीत वरून सुटलेली गोळी डोळ्यांनी हेरेपर्यंत अंगावर आलेली असते.

आता ब्लेड बस्टर. ८ बिट निन्टेन्डोसाठी जपानी हौशी मंडळींनी केलेला, फुकट वाटलेला. २ मिनिटं किंवा ५ मिनिटं, एवढ्यात जास्तीत जास्त गुण काढायचे. १९८५ साली हडसन कंपनीने जपानभर ज्या कॅरॅव्हॅन स्पर्धा सुरू केल्या, त्या घड्याळावरच्या खेळाची ही परंपरा. जळगावहून भुसावळला गाडीने जाताना पाच मिनिटांचे दोन-तीन डाव आरामात होतात. मेलात तरी घड्याळ चालूच राहतं, त्यामुळे इथे मरणाची किंमत वेळेत मोजायची. याची अडचण एकच: त्या यंत्राला एका आडव्या ओळीत फक्त ८ स्प्राइट, म्हणजे हलणाऱ्या छोट्या आकृत्या, दाखवता येतात. शत्रू, गोळ्या आणि स्फोट एका रांगेत आले की काही गोष्टी लुकलुकतात, आणि लुकलुकणारी गोष्ट नेमकी गोळी असते. रेट्रोआर्चमध्ये या यंत्राची नक्कल करणाऱ्या एफसीईयूएमएम कोरच्या पर्यायांत 'नो स्प्राइट लिमिट' चालू केलं की लुकलुक जाते. हा पर्याय सगळ्या ८ बिट गेमना सरसकट लावू नका. काही गेम या मर्यादेचाच वापर करून चित्राचा भाग मुद्दाम झाकतात, तिथे नको ते दिसू लागतं. फक्त याच गेमसाठी सेव्ह करा.

विलंबाचा मुद्दाही इथेच. ६० हर्ट्झला एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांची. जुने गेम बटण वाचल्यावर एक-दोन फ्रेमनी विमान हलवतात, त्यात एम्युलेटर आणि पडदा आपली भर घालतात. रेट्रोआर्चमधलं रन-अहेड गेमच्या स्वतःच्या विलंबाच्या फ्रेम गाळतं. किती ठेवायचं ते मोजून ठरवा: गेम थांबवा, डावं बटण दाबून धरा, फ्रेम अ‍ॅडव्हान्सने एकेक फ्रेम पुढे सरकवा. विमान तिसऱ्या फ्रेमला हललं तर २ ठेवा, दुसऱ्या फ्रेमला हललं तर १. मोजमापापेक्षा जास्त ठेवलं की विमान उड्या मारत सरकतं. थ्रेडेड व्हिडिओ बंदच ठेवा, तो चित्र गुळगुळीत ठेवण्याच्या बदल्यात विलंब वाढवतो. या यंत्रातली आरके ३३२६ चिप ८ बिट गेमचं रन-अहेड सहज पेलते. अवजड यंत्रांच्या नकलेत ते लावलंत तर आवाज तुटू लागेल.

अवजड म्हणजे कोणतं, तर शार्पचा एक्स ६८००० संगणक. त्यावरचा १९९५चा चो रेन शा ६८के हा हौशी शूटरांमधला मानाचा गणपती. शार्पने या संगणकाचे रॉम आणि ह्युमन ६८के ही प्रणाली २००० साली मोफत खुली केली, त्यामुळे इथे चोरीचा प्रश्न येत नाही. रेट्रोआर्चच्या पीएक्स ६८के कोरला सिस्टम फोल्डरमध्ये 'केरोपी' (keropi) नावाचं फोल्डर लागतं, त्यात 'आयपीएलरॉम डॉट डॅट' आणि 'सीजीरॉम डॉट डॅट' या दोन फाइली. फोल्डरचं नाव लहान इंग्रजी अक्षरांतच हवं, नाहीतर काळा पडदा येतो आणि लोक गेमच्या फाइलला दोष देतात.

या गेमची मेख त्याच्या बक्षिसांत आहे. बक्षिसं आणणारा वाहक फोडला की शक्ती, बॉम्ब आणि ढाल अशी तीन बक्षिसं त्रिकोणात फिरत खाली येतात. एकाला शिवलात की बाकीची दोन जातात. पण त्रिकोणाच्या पोटात, कोणालाही न शिवता, टिकून राहिलात तर तिन्ही मिळतात. भोवताली गोळ्या चालू असताना फिरत्या त्रिकोणाच्या मधोमध राहायचं, म्हणजे बोटाचं काम बारीक. तिथेच आर ३६ एस आडवा येतो. गेमचं चित्र २५६ × २५६, आपल्याकडे उंची ४८०, म्हणजे १.८७५ पट. दुप्पट मावत नाही, एकपट ठेवलं तर काडेपेटीएवढं दिसतं. त्यात दिशांचं बटण खोटं तिरकं जात असेल तर त्रिकोण विसराच.

खोटं तिरकं म्हणजे उजवीकडे दाबलं की अधूनमधून वरचीही दिशा लागते. तपासायला रेट्रोआर्चच्या मेनूत फक्त डावी-उजवी दाबत अंगठा जरा डोलवा, यादी वरखाली सरकली तर दोष आहे. उपाय स्वस्त आहे. यंत्र बंद करून पाठचे स्क्रू काढा, बॅटरीचा जोड सोडवा, रबरी पडदी उचला. बोर्डवर चार दिशांचे चार संपर्क-ठिपके दिसतील. मोबाईल दुरुस्तीवाले वापरतात ती पिवळी कॅप्टॉन टेप घ्या, जळगावात गोलाणी मार्केटला कुठल्याही दुरुस्तीच्या टेबलावर तुकडा मिळेल. मिलिमीटरभराच्या पट्ट्या कापून ठिपक्यांच्या कडा झाका, मधला भाग उघडा ठेवा. आता रबर नीट दाबल्याशिवाय टेकत नाही. जास्त झाकलंत तर खरी तिरकी चालही लागायची बंद होते, म्हणून आधी वरच्या आणि खालच्या ठिपक्यालाच लावून बघा.

ओपनटायरियनला यातलं काहीच फारसं भोवत नाही, म्हणून तो पहिला. मूळ टायरियन १९९५चा डॉस गेम, २००४ साली मोफत केला गेला, आणि २००७ पासून मूळ पास्कल कोडवरून सी भाषेत ओपनटायरियन उभा राहिला. तो या यंत्रावर थेट चालतो, एम्युलेटर मध्ये नाही, त्यामुळे रन-अहेडची भानगडही नाही. चित्र ३२० × २००, दुप्पट ६४० × ४००, वरखाली ४० ठिपक्यांची काळी पट्टी. एका गोळीत विमान फुटत नाही. आधी ढाल जाते, मग कवच. टप्प्यांच्या मधे दुकान लागतं आणि नवखे तिथेच फसतात. सगळे पैसे पुढच्या तोफेत ओततात, तोफ ताकदीच्या ११ पायऱ्यांपर्यंत चढते, आणि मग ढाल भरतच नाही. कारण तोफा आणि ढाल दोन्ही एकाच जनरेटरवर चालतात. शेतातल्या एका डीपीवर पंधरा मोटारी टाकल्यासारखं होतं. उजवीकडची वीजपट्टी गोळीबार चालू असताना तळाला चिकटून राहत असेल तर आधी जनरेटर बदला. जुनी वस्तू बदलताना तिची पूर्ण किंमत वळती होते, तेव्हा प्रयोग करायला कचरू नका. मागच्या अनेक तोफांना दोन पवित्रे असतात, ते बदलायचं बटण नीट जुळवून घ्या. बरेच जण अख्खा गेम एकाच पवित्र्यात संपवतात.

टाकायला सोपा. आर्कओएस या यंत्राच्या प्रणालीत पोर्टमास्टर असतो, यंत्रावर थेट चालणारे गेम (पोर्ट) बसवणारं साधन. यंत्राला वायफाय नाही, तेव्हा ओटीजीला डोंगल लावा, किंवा पोर्टची झिप संगणकावर उतरवून टूल्समधल्या पोर्टमास्टरच्या 'ऑटोइन्स्टॉल' फोल्डरमध्ये ठेवा आणि पोर्टमास्टर एकदा उघडा. डेटा फाइली हाताने टाकत असाल तर टायरियन २.१च्याच घ्या आणि नावं लहान इंग्रजी अक्षरांत ठेवा.

आता माझा लाडका, नॉइझ२सा. केंता चो यांचा २००२चा गेम, सोर्ससकट मोफत. खेळाचं मैदान ३२० × ४८०, दोन्ही बाजूंना १६० ठिपक्यांच्या पट्ट्या, एकूण बरोबर ६४० × ४८०. ताणणं नाही, काळी पट्टी नाही, या पडद्यासाठीच बेतल्यागत बसतो. एक बटण गोळीचं, दुसरं दाबून धरलं की विमान मंद चालतं. दाट गोळ्यांत मंद, उघड्यावर वेगात, एवढंच शिकायचं. पण हा कॉपी करून चालणारा गेम नाही, सोर्समधून स्वतः बांधावा लागतो. एआरएम ६४ची डेबियन १० (लिनक्सची एक जात) क्रूटमध्ये, म्हणजे संगणकातल्याच वेगळ्या कप्प्यात, उभी करा. नवी डेबियन घेतलीत तर जीलिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीची आवृत्ती पुढची निघते आणि आर्कओएस, जी उबुंटू १९.१०वर बेतली आहे, गेम उघडायला नकार देते. गेम चित्र, आवाज आणि बटणांसाठी जी लायब्ररी वापरतो त्या एसडीएल १.२ला या यंत्रावर खिडकी मिळत नाही, म्हणून त्याजागी एसडीएल१२-कॉम्पॅट बांधा, ती खालून यंत्रातली एसडीएल २ वापरते. बुलेटएमएल (गोळ्यांच्या नक्ष्या लिहायची भाषा) आणि आवाजाच्या मिक्सरच्या लायब्ररी गेमशेजारी फोल्डरात ठेवा. सुरू झाल्यावर काडीने (अ‍ॅनालॉग स्टिकने) विमान हलतं पण दिशांच्या बटणाने हलत नाही, हे हमखास होतं. गेम जॉयस्टिकचे अक्ष वाचतो, आणि या यंत्रात दिशा साध्या बटणांसारख्या नोंदल्या जातात. पोर्टमास्टरचं जीपीटूकीबी (बटणांना कीबोर्डच्या कळा बनवणारं साधन) लावून दिशा बाणांच्या कळांना, 'ए' झेडला आणि 'बी' एक्सला जोडा.

एवढी खटपट कशासाठी? कारण त्याच्या गोळ्यांच्या नक्ष्या साध्या मजकुराच्या फाइली आहेत, बुलेटएमएलमध्ये लिहिलेल्या. 'झाको', 'मिडल', 'बॉस' अशी तीन फोल्डरं, त्यांत तुम्ही स्वतःची फाइल टाकू शकता. 'टॉप' लेबलची अ‍ॅक्शन, तिच्यात रिपीट ३६ वेळा, आत एक फायर, दिशेचा प्रकार सिक्वेन्स आणि किंमत १०. प्रत्येक गोळी आधीच्या गोळीपासून १० अंशांवर सुटते, पूर्ण वर्तुळ. रिपीटमध्ये १ फ्रेमचा वेट घाला, तेच वर्तुळ ०.६ सेकंदांत उलगडणारी चक्री होतं. आता १०चे ११ करा. फेरी ३६० ऐवजी ३९६ अंशांची होते आणि दर फेरीला चक्रीचं तोंड ३६ अंशांनी पुढे सरकतं, म्हणजे गेल्या वेळची मोकळी वाट या वेळी बुजलेली. वेगाच्या सूत्रात रँक वापरला तर अवघडपणाबरोबर गोळ्याही तापतात. एका वेळी एकच नवी फाइल टाका. एखादा टॅग बंद करायचा राहिला तर दोष कोणत्या फाइलचा हे शोधण्यातच संध्याकाळ जाते.

केंता चो यांचाच दुसरा गेम आररूटेज नुसत्या स्वयंरचित अजस्र युद्धनौकांशी लढवतो. एका पद्धतीत गोळ्यांना घासून जायचं, एकीत रंग बदलून त्या गिळायच्या, एकीत परतवायच्या. पण तो चित्र काढायच्या जुन्या ओपनजीएल प्रणालीवर लिहिलाय आणि इथली माली ही चित्रांची चिप तिचा फक्त ईएस प्रकार जाणते, मधे जीएल४ईएस हा दुभाष्या घालावा लागतो. नॉइझ२सा चालवून दाखवलात की मगच याच्या मागे लागा.

दोन गोष्टी गेमच्या आधी करा. यंत्रासोबत आलेलं बिननावाचं कार्ड भरवशाचं नसतं. नव्या कार्डावर आर्कओएस टाकण्याआधी जुन्या कार्डाच्या बूट भागातली 'आरके ३३२६'ने सुरू होणारी आणि 'डीटीबी'ने संपणारी फाइल जपून ठेवा. आर ३६ एसमध्ये पडदे वेगवेगळ्या जातीचे येतात, चुकीची फाइल पडली की यंत्र चालू, दिवा लागलेला, पडदा काळा. दुसरं, चार्जिंगला साधा ५ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर आणि जुन्या चपट्या तोंडाची केबल वापरा, दोन्हीकडून टाइप सी असलेल्या केबलवर बरीच यंत्रं चार्जच होत नाहीत. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ला टेकतो, आणि लिथियम बॅटरी चार्ज करायची वरची हद्दही साधारण तेवढीच. तेव्हा पत्र्याखाली दुपारी चार्जिंगला लावू नका, पहाटे लावा.

आणि ओपनटायरियनची 'टायरियन डॉट एसएव्ही' फाइल दुसऱ्या कार्डावर उतरवून ठेवा, दुकानात जमवलेलं सगळं त्या एकाच फाइलीत असतं.