हर्नियाचं ऑपरेशन

लायपोसक्शनच्या, म्हणजे नळीने चरबी ओढून काढण्याच्या ऑपरेशनच्या पेशंटच्या घरून पहिल्या रात्री फोन आला की तो बहुतेक वेळा गादीसाठीच असतो. "सिस्टर, चादर भिजली, लाल लाल पाणी येतंय!" आधी तोंडी सांगितलेलं असतं, छापील कागद दिलेला असतो, तरी फोन येतोच. चरबी ओढण्याआधी पोटाच्या कातडीखाली पाणी भरतात. त्यात सलाईन, बधिर करणारं लिग्नोकेन, लिटरमागे साधारण १ मिलिग्रॅम अ‍ॅड्रिनलिन आणि थोडं सोडा-बायकार्ब असतं. अ‍ॅड्रिनलिनने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून रक्त कमी जातं. जेफ्री क्लाइन या कॅलिफोर्नियातल्या त्वचारोगतज्ज्ञाने १९८७ साली ही पद्धत मांडली. पण भरलेलं सगळं पाणी काही परत ओढलं जात नाही. उरलेलं दीड-दोन दिवस छिद्रांतून पाझरतं, आणि ते पाझरलेलंच बरं. आत साठून राहिलं तर नंतर सुई घालून काढावं लागतं.

मी पुण्यात एका प्लास्टिक सर्जनकडे ड्रेसिंग आणि फॉलोअप बघते. एका बाईंच्या घरून आलेला फोन मात्र गादीसाठी नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या मिस्टरांनी केला होता, तोही बहुधा बाल्कनीतून, कारण आवाज अगदी दबका होता. "खाली, लघवीच्या जागेला काळंनिळं झालंय, सुजलंय. आणि वजन दोन किलो वाढलंय. काही चुकलं तर नाही ना?"

दोन्ही गोष्टी अपेक्षितच. पोटात साकळलेलं रक्त आणि पाणी उभं राहिल्यावर खाली उतरतं. ऑपरेशन पोटाचं असलं तरी डाग जांघेत दिसतो, पुरुषांना तर भलत्याच ठिकाणी. वजनही आधी वाढतं, ते अंगातल्या पाण्याने. मी विचारलं, "ताई चालतायत ना?"

"नाही हो. आई उठूच देत नाहीत. आम्ही घरी हर्नियाचं ऑपरेशन म्हणून सांगितलंय."

इथे मात्र मला काळजी वाटली. आमच्याकडे पेशंटला त्याच संध्याकाळी उठवून चालवतात, घरीही दर दोन तासांनी चार फेऱ्या मारायला सांगतात, कारण पडून राहिलं की पायाच्या शिरांत गुठळी होऊ शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेतते. या ऑपरेशनमधल्या मोजक्या खऱ्या धोक्यांपैकी तो एक. आणि इथे सासूबाई मायेपोटी सुनेला पलंगावरून हलू देत नव्हत्या. त्यांच्या हिशोबाने त्या बरोबरच होत्या. पूर्वी हर्नियाच्या पेशंटला असंच निजवून ठेवायचे. खोटं बोलताना घरच्यांना नाव दुसऱ्या आजाराचं सांगितलं जातं, मग शुश्रूषाही दुसऱ्याच आजाराची होते. हे माझ्या डोळ्यांसमोर बरेचदा घडतं. कुणी माहेरी जाते म्हणून सांगून येतं, कुणी ऑफिसच्या ट्रेनिंगला. "शुक्रवारी ऑपरेशन, सोमवारी ऑफिस" अशा जाहिराती करणाऱ्यांना एकदा माझ्या ड्रेसिंग रूममध्ये बसवलं पाहिजे.

"लगेच घेऊन या," म्हटलं. "आणि पोटावरचं घट्ट गारमेंट घरी काढू नका. आंघोळ इथे आल्यावर बघू."

अकराच्या सुमारास आल्या. सोबत मिस्टर नव्हते, सासूबाई होत्या. सत्तरीच्या, काठापदराची साडी, हातात थर्मास. "त्याला मीटिंग होती. मी म्हटलं, अशा अवस्थेत हिला एकटं कसं पाठवायचं?"

मी नियमाप्रमाणे म्हटलं, "आजी, तुम्ही जरा बाहेर बसा." त्या हलल्या नाहीत. ताईंकडे बघितलं, तर त्यांनी डोळ्यांनीच 'राहू दे' केलं. बहुतेक आता जे होईल ते होऊ दे अशा विचाराला त्या आल्या होत्या.

आधी पोटऱ्या तपासल्या. दोन्ही सारख्या, मऊ, दाबल्यावर कळ नाही. श्वास नीट, बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन ९८. मग डॉक्टर येऊन बघून गेले आणि गारमेंट काढायला सांगितलं. छातीच्या खालून मांडीपर्यंत येणारा घट्ट चामडीसारखा तो कपडा पहिल्यांदा उतरवणं हे काम जपून करायचं असतं. इतके तास सगळं आवळलेलं असतं. एकदम मोकळं केलं की रक्त खाली धावतं, बीपी पडतं आणि माणूस कोसळतो. घरी बाथरूममध्ये हे झालं की डोकं नळावर आपटतं. म्हणून मी साखर-मीठ पाणी पाजते, आडवं झोपवूनच हूक सोडते, आणि तेही एकदम नाही.

तरी ताईंचा चेहरा पांढराफटक पडलाच. ओठ कोरडे, कपाळावर घाम. "सिस्टर, कानात कसंतरी होतंय." वरचं बीपी ८४. मी पलंगाची पायाकडची बाजू उचलायला गेले, तर आजींनी थर्मास खाली ठेवून सुनेचे पाय आधीच उचलून स्वतःच्या खांद्याला टेकवले होते. "काही नाही होत. डोळे उघडे ठेव. माझ्याकडे बघ." दोन-तीन मिनिटांत रंग परत आला.

आजींना पोट तेव्हाच पहिल्यांदा दिसलं. बेंबीच्या वरपासून कमरेपर्यंत पिवळं, जांभळं, मधूनच हिरवट. बेंबीत एक आणि खाली दोन्ही बाजूंना एकेक अशी बारीक छिद्रं. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हल्ली हर्नियाही दुर्बिणीतून करतात ना, सिस्टर?"

मी म्हटलं, "करतात." खोटं नव्हतं.

"जाळी बसवतात ना?"

"हर्नियाला बसवतात."

"हिला बसवलीय?"

आता काय बोलायचं? पेशंटची गोष्ट फोडायची नाही, आणि त्याच्या नातेवाइकाच्या तोंडावर खोटंही बोलायचं नाही. "आजी, ते ताईंनाच विचारा," म्हटलं आणि छिद्रांवरचं ड्रेसिंग बदलायला घेतलं. ताई छताकडे बघत होत्या. आजींनी काही विचारलं नाही. जखमा पुसून झाल्या, धुतलेलं दुसरं गारमेंट चढवायला घेतलं. ते सुजलेल्या पोटावर चढवणं म्हणजे दोघींचं काम, आणि आमची मावशी नेमकी जेवायला गेलेली. आजी पुढे झाल्या. "श्वास सोड. सगळा सोड. हां, आता." एकेक हूक त्यांनी खालून वर लावत आणला, मध्ये कापडाला एक सुरकुती राहू दिली नाही. सुरकुती राहिली की तिथे कातडीवर वळ उठतो, हे मी नव्या मुलींना दहादा सांगते. "दोन्ही बाळंतपणांत मीच बांधलंय हिचं पोट," त्या म्हणाल्या. "जुन्या लुगड्याने. सव्वा महिना."

शेवटचा हूक लावून झाल्यावर माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "किती काढली?"

मी काही बोलायच्या आत ताईच बोलल्या. "साडेतीन लिटर, आई."

"बरं. मग मला का नाही सांगितलं? तीन दिवस मी तुला बेडपॅन देत होते."

ताई हसायला लागल्या आणि पोट धरून कळवळल्या. त्यानंतरचा अर्धा तास मी बोलत होते आणि आजी प्रश्न विचारत होत्या. इतके नेमके प्रश्न शिकलेले नातेवाईकही विचारत नाहीत. पट्टा किती दिवस? सहा आठवडे, आंघोळीपुरता काढायचा. सूज? बरीचशी महिना-दीड महिन्यात उतरते, पण खरा आकार दिसायला तीन ते सहा महिने लागतात. मध्ये पोट कडक लागेल, गाठी हाताला लागतील, कातडी बधिर राहील. "डिंकाचे लाडू?" नकोत. "मग हिची साखर काठावर आहे, ती उतरेल आता?"

नाही उतरत. हे मला जवळजवळ प्रत्येकाला सांगावं लागतं. ओढलेली चरबी कातडीखालची. साखरेला त्रास देते ती आतली, आतड्यांभोवतीची, तिथपर्यंत नळी जातच नाही. अमेरिकेत २००४ साली यावर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लठ्ठ बायकांची ९-१० किलो चरबी ओढली, तरी इन्सुलिन, बीपी, कोलेस्टेरॉल यांत फरक पडला नाही. आजींनी ऐकून घेतलं आणि सुनेला म्हणाल्या, "म्हणजे चालायला तर जायचंच आहे. मग आजपासूनच चल."

सहा आठवड्यांनी दोघी आल्या. जांघेतला डाग गेला होता, बेंबीखाली डावीकडे एक टणक पट्टा राहिला होता, त्याला मसाज सांगितला. ताईंची एकच तक्रार, उकाड्यात गारमेंटने जीव नको झालाय. आजींची वेगळीच. सोसायटीत सगळ्यांना त्यांनी स्वतःच हर्निया म्हणून सांगितलं होतं, आणि आता खालच्या मजल्यावरच्या बाईंना खरोखरच हर्निया निघालाय. "इतकी बारीक छिद्रं, पोटही सपाट. त्यांना याच डॉक्टरांकडे यायचंय. मी काय सांगू, सिस्टर?"

मी एका जनरल सर्जनचा नंबर लिहून दिला.