छापील किंमत म्हणजे छापील किंमत

परवा इथे जर्मनीत, लाइपझिगमध्ये, आमच्या गल्लीतल्या पुस्तकांच्या दुकानात लेकीसाठी चार पुस्तकं घेतली. त्यातलं एक जाडजूड, २४ युरोंचं. सवयीनं विचारलं, "चार घेतेय, काही कमी होईल का?" गल्ल्यावरच्या बाई रागावल्या नाहीत. पुस्तक उलटं करून त्यांनी मागच्या किमतीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "कमी केले तर मी कायदा मोडेन."

मला आधी हे खरंच वाटेना. घरी येऊन मोबाइलवर पाहिलं. बड्या ऑनलाइन दुकानात २४ युरो. साखळी दुकानाच्या साइटवर २४ युरो. एका सेंटचाही फरक नाही!

जर्मनीत नव्या पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवतो आणि ती सगळ्यांना पाळावी लागते. २००२ पासून तसा स्वतंत्र कायदाच आहे. मूळ मात्र फार जुनं, तेही याच गावातलं. एकोणिसाव्या शतकात पार्सलचे दर उतरले, तसे बर्लिन आणि लाइपझिगचे मोठे विक्रेते टपालानं लांबलांबच्या गावी सवलतीत पुस्तकं पाठवायला लागले. लहान गावांतल्या दुकानदारांचा धंदा बसायची वेळ आली. तेव्हा १८२५ मध्ये लाइपझिगलाच स्थापन झालेल्या पुस्तक-व्यावसायिकांच्या संघटनेनं १८८७-८८ च्या सुमारास आपल्या सभासदांवर ठरावीक किमतीचं बंधन घातलं. घरपोच पुस्तकं आणि भरघोस सूट! हे वाचून मी थक्क झाले. आज आपण ज्याच्याशी झगडतो आहोत, ते सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी इथे होऊन गेलंय.

आता लगेच कोणी म्हणेल, गेलीस परदेशी आणि लागलीस कौतुक करायला. तसं नाही. माझं निम्मं कपाट प्रकाशनपूर्व आणि प्रदर्शनांतल्या सवलतीत भरलंय, आणि त्याचं मला आजही समाधान आहे. तुटपुंज्या पगारात वाचायचं तर दुसरा मार्ग नव्हता. शिवाय नियम आपल्याला सुचत नाहीत असंही नाही. परदेशी गुंतवणूक असलेल्या ऑनलाइन बाजारपेठांनी, स्वतःचा हिस्सा असलेल्या कंपन्यांचा माल त्याच बाजारपेठेत विकू नये, असा नियम केंद्र सरकारनं डिसेंबर २०१८ मध्ये काढला आणि फेब्रुवारी २०१९ पासून लागूही केला. बाजार ज्याच्या मालकीचा, त्यानंच तिथे दुकान थाटलं तर बाकीच्यांनी काय करायचं, हे आपल्यालाही कळतं.

पण नियम पाळला जातो की नाही, हे गिऱ्हाइकाला आपल्या डोळ्यांनी दिसायला हवं. इथे ते पुस्तकाच्या पाठीवरच दिसतं. तोटा सोसून विकायचं, शेजारचा बंद पडेपर्यंत दम धरायचा आणि मग भाव आपल्या हाती घ्यायचा, हा डाव पुस्तकांच्या बाबतीत खेळताच येत नाही. खिसा खोल असण्याला मी धंद्यातलं कौशल्य मानत नाही. भांडवलाच्या जोरावर दुसऱ्याला उठवणं ही स्पर्धाच नव्हे, मग त्याला कोणी कितीही मुक्त बाजार म्हणो.

विरोधही आहे. सरकारला सल्ला देणाऱ्या इथल्याच मक्तेदारी आयोगानं २०१८ मध्ये हा कायदा रद्द करावा अशी शिफारस केली होती. ब्रिटनमध्ये ठरावीक किमतीसाठी प्रकाशक-विक्रेत्यांचा करार होता, तो १९९० च्या दशकात मोडला, आणि १९९७ मध्ये न्यायालयानं तो बेकायदा ठरवला. गरीब वाचकाला महाग पडतं, हा मुद्दा मलाही खोडता येत नाही. जुनी पुस्तकं या कायद्यात येत नाहीत. खालच्या कडेवर शिक्का मारलेली, कोपरा दुमडलेली सदोष प्रतही स्वस्तात मिळते. सुरुवातीच्या वर्षांत मी तशाच प्रतींवर जर्मन शिकले. कोरं पुस्तक घेताना मात्र दहादा विचार करावा लागायचा.

आणि तरीही मी या कायद्याच्या बाजूनं आहे. किंमत सगळीकडे सारखीच म्हटल्यावर दुकानदाराच्या हाती उरतं ते एकच, पुस्तकांची जाण. या बाईंनी लेकीला दहा मिनिटं प्रश्न विचारले. आधी काय वाचलंस, ते का आवडलं, भुताची भीती वाटते का? मग शिडीवर चढून वरच्या फळीवरचं एक पुस्तक काढलं. ते मालिकेतलं दुसरं निघालं. पहिलं दुकानात नव्हतं. संध्याकाळपर्यंत मागणी नोंदवली की घाऊक विक्रेत्याकडून रातोरात पुस्तक येतं. त्यांनी माझं आडनाव विचारलं, पुन्हा एकदा म्हणायला लावलं, आणि एकेक अक्षर विचारत लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला गेले. गल्ल्यामागच्या फळीवर पुस्तक तयार होतं, रबर लावून, चिठ्ठीसकट. नऊ वर्षांत या देशात पहिल्यांदाच माझं आडनाव कोणीतरी बरोबर लिहिलं होतं.